ग्रॅनाइटचे वय

ग्रॅनाइटचे वय : भूकवचात खोलवर शिलारस घुसून सावकाश थिजला की ग्रॅनाइटाचे अंतर्वेशी पिंड तयार होतात. असा पिंड केव्हा आणि किती काळ वाढत गेला, हे मुख्यतः त्यातील झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून ठरवतात. हे स्फटिक बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे.

झिरकॉन (झिर्कोनियमचे सिलिकेट) घडताना जालकात युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे पुढे स्फटिकात सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या क्षयातून आलेले असते. युरेनियम-238 चा अर्धायुष्यकाल सुमारे 447 कोटी वर्षे, तर युरेनियम-235 चा सुमारे 70 कोटी वर्षे. एकाच कणात अशी दोन घड्याळे चालतात आणि दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तरच वयावर विश्वास ठेवतात. किरणोत्साराने खिळखिळ्या झालेल्या भागातून शिसे निसटते. म्हणून कण आधी तापवून आम्लात ठेवतात. बिघडलेला भाग विरघळतो, धड भाग उरतो. जेम्स मॅटिन्सन यांनी 2005 मध्ये मांडलेल्या या पद्धतीने मोजमापातली चूक हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी झाली.

शिलारसाचा एक प्रचंड साठा एकदाच वर आला आणि निवला, असे ग्रॅनाइटाचे चित्र पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ होते. कॅलिफोर्नियातील हजार चौ. किमी.हून मोठ्या टुआलमी ग्रॅनाइटी पिंडाने ते मोडले. कोलमन, ग्रे व ग्लेझनर यांनी 2004 मध्ये दाखवले की त्याचे घटक साधारण साडेनऊ कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, हप्त्याहप्त्याने येऊन बसले. त्यातील ‘हाफ डोम’ या एका घटकालाच सुमारे 40 लाख वर्षे लागली. एवढा काळ एकच साठा वितळलेला राहू शकत नाही. तेव्हा ‘या ग्रॅनाइटचे वय काय?’ हा प्रश्नच जरा चुकीचा ठरतो. विचारायला हवा तो कालावधी. त्यातही फसगत असते. आधीच्या हप्त्यातले किंवा आजूबाजूच्या जुन्या खडकातले कण नव्या रसात मिसळतात. गाभा जुना आणि कडा नवी असा झिरकॉन नवलाचा नाही. म्हणून वय काढण्यापूर्वी कणाच्या आतील वलये पाहून घेतात.

मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी, उदाहरणार्थ परभणी जिल्ह्यातील बोरी (ता. जिंतूर) येथे, असा ग्रॅनाइट पाहायला मिळत नाही. इथे विहीर खणताना काळी माती, मुरूम आणि मग काळा पाषाण, म्हणजे दक्खनचा बेसाल्ट लागतो. मराठवाड्यातला ग्रॅनाइट उघडा पडतो तो आग्नेयेला, नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीच्या बाजूला. बेसाल्टाखालचा स्फटिकी पाया छिद्रे पाडूनच गाठावा लागतो. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत पाडलेल्या छिद्रात बेसाल्टाची जाडी 338 मी. भरली, कोयना परिसरात रासाटी येथे ती सुमारे 930 मी. आहे.

नांदेडचा ग्रॅनाइट पूर्व धारवाड भूखंडाचा. तेथील ग्रॅनाइट साधारण 270 ते 250 कोटी वर्षांपूर्वीचे. कर्नाटकातील क्लोजपेट ग्रॅनाइट सुमारे 251 कोटी वर्षांचा. इथे अडचण वेगळी. आयनशलाकेने केलेल्या मोजमापात एवढ्या जुन्या कणांच्या वयातली चूक सहज काही दशलक्ष वर्षांची असते, म्हणजे हाफ डोमची सगळी वाढ त्या चुकीतच मावेल. हप्ते वेगळे ओळखायचे तर कण विरघळवून केलेले अधिक नेमके मापनच लागते.

खुद्द काळ्या पाषाणात झिरकॉन विरळाच. मात्र लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीत राखेबरोबर आलेले कण मिळतात. ब्लेअर शोएन व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये पश्चिम घाटातील अशा कणांवरून काढलेला हिशेब असा : दक्खनचा मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अस्ताआधी सुमारे अडीच लाख वर्षे सुरू झाला आणि अकरा लाख घन किमी.हून अधिक लाव्हा साडेसात लाख वर्षांत ओतला गेला. हाफ डोमला लागलेल्या काळाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.