मेमरी कार्ड आणि चलच्चित्रांचें जतन

भारतांतील पहिला बोलपट ‘आलम आरा’ सन १९३१ चा. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. हल्लींच्या चित्रणाचीही हीच गत होऊं नये. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं फ्लॅश मेमरी जगापुढें मांडली. १९९९ सालीं एसडी कार्डाची घोषणा झाली. टपालाच्या तिकिटाएवढ्या ह्या कार्डांत चित्रें सूक्ष्म विद्युद्भाराच्या रूपानें सांठविलेलीं असतात. तो भार कालांतरानें हळूहळू ओसरतो. उष्णतेनें तर अधिक त्वरेनें. म्हणून वाचकहो, कार्ड हें वाहन होय, भांडार नव्हे. लग्नाचें वा वडीलधाऱ्यांचें चित्रण तत्काळ दोन निराळ्या साधनांवर उतरावें, एक प्रत अन्य घरीं ठेवावी आणि दरवर्षीं ताडून पाहावी. गेलेला आवाज पुन्हां मिळत नसतो.