लहान गावातील धर्मग्रामाचा आठवडा : उपासना आणि सामुदायिक जीवन



तालुक्याच्या गावातील एखाद्या चर्चसमोरून आठवड्याच्या मधल्या दिवशी आपण गेलात, तर फाटक उघडे, अंगण झाडलेले आणि आत एक-दोन वृद्धा माळ जपत बसलेल्या एवढेच दृश्य दिसेल. त्यामुळे चर्च म्हणजे रविवारचा एक तास, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः त्या एका तासामागे सहा दिवसांची अखंड चाकरी उभी असते. अशा धर्मग्रामाचा आठवडा कसा असतो, त्यातील प्रत्येक विधीचा आधार कोणता आणि प्रापंचिकांची जबाबदारी कोणती, हे एकत्र वाचावयास मिळावे म्हणून आम्ही हा लेख सिद्ध केला आहे. नवे धर्मशिक्षक, पॅरिश कौन्सिलचे सदस्य आणि नोकरीनिमित्त शहरात गेलेली कुटुंबे यांना तो उपयोगी पडेल, अशी आशा आहे. उदाहरण म्हणून आम्ही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील धर्मग्रामे डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

या जिल्ह्यात कॅथलिक मिशनकार्याची पायाभरणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी केली. संगमनेर, केंदळ, वळण ही त्या कार्याची जुनी केंद्रे होत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन मिशनऱ्यांना हा देश सोडावा लागला. धर्मगुरू थोडे आणि गावे पुष्कळ अशी परिस्थिती तेव्हापासून अनेकदा आली. अशा वेळी गावोगावी प्रार्थनेचा दिवा तेवत ठेवला तो धर्मशिक्षकांनी. लोक त्यांना आजही आदराने ‘मास्तर’ म्हणतात. दिनांक १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. त्याचे पहिले महागुरूस्वामी म्हणून थॉमस भालेराव, येशूसंघीय, यांची नेमणूक झाली आणि अहमदनगर जिल्हा या नव्या धर्मप्रांतात आला.

येथील धर्मग्रामाची रचना शहरातील धर्मग्रामापेक्षा वेगळी आहे. मुख्य चर्च एका गावी असते आणि त्याला जोडलेली अनेक खेडी, वाड्या, वस्त्या दूरदूर पसरलेल्या असतात. धर्मगुरू एक, फार तर दोन. ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज येथील आठवडा समजणार नाही.

रविवार : प्रभूचा दिवस

रविवारी एकत्र येण्याची प्रथा प्रेषितांच्या काळापासूनची आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास हुतात्मा संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात या मेळाव्याचे वर्णन केले आहे. शास्त्रपाठाचे वाचन, प्रमुखाचा उपदेश, सर्वांची प्रार्थना, भाकर व द्राक्षारसाचे अर्पण, अनुपस्थितांकडे पाठविलेला ख्रिस्तप्रसाद आणि अनाथ-विधवांसाठी गोळा केलेले दान, हा तोच क्रम आज आपल्या लहानशा चर्चमध्येही पाळला जातो. इसवी सन ३०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अबितिना येथील ख्रिस्ती लोकांना बंदी असतानाही रविवारच्या उपासनेसाठी जमल्याबद्दल प्राण द्यावे लागले. रविवारच्या मिस्सेला उशिरा निघताना या हुतात्म्यांचे स्मरण आपण अवश्य करावे.

१. कर्तव्य : १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १२४७ नुसार रविवारी व आज्ञापित सणांना मिस्सेत सहभागी होणे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. कलम १२४८ नुसार आदल्या दिवशी सायंकाळच्या मिस्सेने हे कर्तव्य पूर्ण होते. आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल यांसारखे गंभीर कारण असल्यास दोष लागत नाही.

२. शास्त्रपाठ : रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्राने वाचले जातात. ‘अ’ वर्षी मुख्यतः संत मत्तय, ‘ब’ वर्षी संत मार्क व ‘क’ वर्षी संत लूक यांचे शुभवर्तमान येते. ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते ‘क’ वर्ष, ही सोपी खूण आहे. मात्र उपासना वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आधीच्या नोव्हेंबरअखेरीस अथवा डिसेंबरारंभी, सुरू होते.

३. भाषा व गायन : द्वितीय व्हॅटिकन परिषदेने दिनांक ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेतील मिस्सेचा मार्ग मोकळा झाला. तेव्हापासून पेटी, तबला, टाळ व ढोलकी यांना आपल्या उपासनेत मानाचे स्थान मिळाले. मराठीतील ख्रिस्ती भक्तिरचनेची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे प्रोटेस्टंट पंथाचे, परंतु त्यांच्या भजनांनी नगर जिल्ह्यातील सर्वच मंडळ्यांना जवळ आणले.

४. लोकांसाठी मिस्सा : कलम ५३४ नुसार प्रमुख धर्मगुरूने प्रत्येक रविवारी एक मिस्सा आपल्या स्वाधीन केलेल्या लोकांसाठी अर्पण करावयाची असते. आपण वस्तीवर असा, उसाच्या फडात असा अथवा परदेशी असा, आपल्या धर्मग्रामात त्या दिवशी आपल्यासाठी मिस्सा होते.

मिस्सेपूर्वी माळेची प्रार्थना व पापनिवेदन आणि मिस्सेनंतर मुलांचे धर्मशिक्षण हा सर्वसाधारण क्रम होय. ज्या गावी आठवडे बाजार रविवारी भरतो तेथे भाजी विकणारी, हमाली करणारी माणसे दहा वाजता कशी येणार? अशा ठिकाणी पहाटेची अथवा शनिवारी सायंकाळची मिस्सा ठेवणेच योग्य.

धर्मगुरू पोहोचू शकत नाहीत तेव्हा

कलम ९०५ नुसार धर्मगुरूने सामान्यतः दिवसातून एकच मिस्सा अर्पण करावी. धर्मगुरूंची उणीव असेल तेथे महागुरूस्वामी इतर दिवशी दोन आणि पाळकीय गरज असल्यास रविवारी व आज्ञापित सणांना तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. दहा-पंधरा खेडी असलेल्या धर्मग्रामात याचा अर्थ स्पष्ट आहे : प्रत्येक वस्तीवर दर रविवारी मिस्सा होऊ शकत नाही.

अशा वेळी काय करावे, हे कलम १२४८ च्या दुसऱ्या परिच्छेदात सांगितले आहे. लोकांनी शब्दविधीसाठी एकत्र यावे, अथवा कुटुंबात वा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी. याविषयी १९८८ साली रोमने स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. त्यानुसार शास्त्रपाठ, चिंतन, विश्वासी लोकांच्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि नेमलेला सेवक असल्यास ख्रिस्तप्रसादाचे वाटप एवढे करता येते. अर्पणाची महाप्रार्थना मात्र धर्मगुरूवाचून कोणीही म्हणू नये. हा विधी मिस्सेची जागा घेत नाही, परंतु रविवार ओस पडू देत नाही.

येथे आमचा एक अनुभव सांगणे अस्थानी होणार नाही. आम्ही ज्या धर्मग्रामात सेवा करीत होतो, त्यातील एका वस्तीचे वृद्ध मास्तर प्रभूकडे गेले. दर रविवारी सकाळी घंटा वाजवून तेच लोकांना जमवीत असत. त्यांच्यानंतर घंटा वाजेनाशी झाली. महिन्यातून एकदा आम्ही जात असू, तेव्हा पहिल्या महिन्यात तीसेक माणसे आली, दुसऱ्यांदा बारा, आणि चौथ्या खेपेस चार. आमचे येणे तेच होते, मिस्सा तीच होती, परंतु मधले तीन रविवार हरवले होते. पुढे मास्तरांच्या सुनेने आणि शेजारच्या एका भगिनीने आम्हांला विचारले, “फादर, आम्ही बायांनी शुभवर्तमान वाचून प्रार्थना घेतली तर चालेल का?” आम्ही उत्तर दिले, “चालेल काय, घ्याच!” वर्षभरात ती वस्ती पुन्हा भरली. हा धडा आम्हांला कोणत्याही सेमिनरीत मिळाला नव्हता.

पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक व वेदीसेवक या अधिकृत सेवापदांचे दार स्त्रियांसाठी उघडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे सेवापद प्रस्थापित केले. आपल्या खेड्यांतील मास्तरांनी व भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या कामाचा हा गौरवच होय.

सोमवार ते शनिवार

रोजची मिस्सा बहुधा सकाळी लवकर अथवा शेतावरून लोक परतल्यावर सायंकाळी असते. इतर कार्यक्रम ठिकठिकाणी वेगळे असले, तरी सर्वसाधारण स्वरूप असे असते :

• माळेची प्रार्थना : सोमवार व शनिवार आनंदाची, मंगळवार व शुक्रवार दुःखाची, बुधवार व रविवार गौरवाची रहस्ये. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली.

• बुधवार : निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना. मुंबईत माहीम येथे ही नोव्हेना १९४८ साली सुरू झाली आणि तेथून ती गावोगावी पसरली.

• गुरुवार : पवित्र संस्काराची आराधना.

• शुक्रवार : प्रायश्चित्तकाळात क्रूसाची वाट. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या अतिपवित्र हृदयाची भक्ती. याच दिवशी धर्मगुरू अथवा नेमलेले सेवक आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. घरातील रुग्णाचे नाव धर्मग्रामाच्या कार्यालयात कळविणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे.

• शनिवार : पवित्र मरियेच्या सन्मानार्थ भक्ती, वेदीसेवकांची व गायनवृंदाची तयारी आणि चर्चची साफसफाई.

संघटना आणि लघु समूह

सायंकाळी दहा-पंधरा घरांचा लघु ख्रिस्ती समूह कोणाच्या तरी ओट्यावर जमतो. येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचले जाते, त्यावर चार शब्द बोलले जातात आणि मग कोणाचे पीक बुडाले, कोणाच्या मुलीची फी भरावयाची राहिली, हेही बोलले जाते. महिला मंडळे प्रार्थनेबरोबरच बचत गट चालवितात.

संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था पॅरिस येथे १८३३ साली धन्य फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी स्थापिली. तिचे सदस्य गरिबांच्या घरी जाऊन गुप्तपणे साहाय्य करतात. लिजन ऑफ मेरी ही संघटना १९२१ साली डब्लिन येथे फ्रँक डफ यांच्या पुढाकाराने सुरू झाली. साप्ताहिक सभा आणि घरभेट हे तिचे वैशिष्ट्य होय. याखेरीज सप्टेंबरात हरेगावची मतमाउली यात्रा आली की सगळ्याच संघटनांना एकच काम उरते!

व्यवस्था : वह्या आणि हिशेब

कलम ५३५ नुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे आवश्यक आहे. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. पॅरिश कौन्सिलविषयीचा निर्णय कलम ५३६ नुसार महागुरूस्वामी घेतात. रविवारच्या दानाचा हिशेब लोकांपुढे मांडणे हा उपकार नव्हे. लोकांचा पैसा लोकांना दिसलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजची आव्हाने

पाथर्डी-शेवगाव भागातील काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळा लागताना परततात. त्यांचा नाताळ फडावरच्या पालात होतो. आपल्या हद्दीत असे कुटुंब आले आहे काय, याची चौकशी कारखाना परिसरातील धर्मग्रामांनी करावी. त्यासाठी मोठी योजना लागत नाही, एक सायकल आणि एक सायंकाळ पुरते.

तरुण मंडळी पुणे, मुंबई व नाशिककडे गेल्याने गायनवृंदात पेटी वाजविणारा उरत नाही. २०२० साली महासाथीत चर्चे बंद झाली तेव्हा पडद्यावरील मिस्सेने आधार दिला. परंतु आता धडधाकट माणसाने घरी बसून पडद्यावर मिस्सा पाहिल्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होत नाही. आजाऱ्यांना व वृद्धांना मात्र ती अवश्य दाखवावी.

आपण काय करावे?

१. रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्री घरात मोठ्याने वाचावे.
२. मिस्सेला येताना शेजारच्या एका वृद्धाला सोबत आणावे.
३. वस्तीवर धर्मगुरू येणार नसतील त्या रविवारीही ठरलेल्या वेळी जमावे.
४. शहरात राहणाऱ्यांनी गावी आल्यावर केवळ सणाला हजेरी न लावता मास्तरांची भेट घ्यावी आणि त्यांना काय हवे-नको ते विचारावे.

बंधुभगिनींनो, धर्मगुरू बदलून जातात, धर्मभगिनींच्या बदल्या होतात. गावातील घंटा मात्र तेथेच असते. येत्या रविवारी ती आपल्या वस्तीवर कोण वाजविणार, हे आजच ठरवा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.