बंदूक डावीकडं खाते

नाशिकमधल्या अंबडच्या गरवारे पॉइंटवर संध्याकाळी उभे राहा आणि समोरचं एकेक उचलून बाजूला ठेवत जा. आधी कंटेनर, कारण तेच सगळ्यात जड. मग रिक्षा, वडापावच्या गाड्या, सिडकोच्या घरांतले दिवे, कारखान्यांचे पत्रे, विजेचे खांब. आग्रा महामार्ग आक्रसत जातो आणि शेवटी दोन वाहनं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढाच डांबराचा पट्टा उरतो. दोन्ही अंगांना वडाची झाडं उभी राहतात. पांडवलेण्याचा डोंगर मात्र हलवायला जाऊ नका. तो आहे तिथेच होता.

साल १९६२. डिसेंबर नुकता लागलाय, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीची रात्र आहे आणि चंद्र मावळतीला टेकलाय. उद्या चंपाषष्ठी. ओझरला खंडेरावाची जत्रा भरणार आहे आणि अंबडमधून एक बैलगाडी निघालीय. तुम्ही आज ज्या कारखान्यात पंच करून आत जाता, तिथे या गाडीवाल्या नानांची बाजरी होती. ती आता निघाली असून रानात धसकटं उभी आहेत.

“मुंबईचे पाव्हणे का?” तुमची पँट पाहून नाना विचारतात. उत्तराची वाट न बघता ते घोंगडी सरकवून जागा करतात. गाडीत साट्यावर पेंढा, पेंढ्यावर गोधडी, गोधडीवर सून आणि दोन नातवंडं. एका टोपलीत बाजरीचं पीठ आणि जांभळी वांगी. आखाला टांगलेला कंदील चाकांच्या सावल्या रस्त्यावर फिरवतोय. कासरा थोरल्या मुलाच्या हातात आहे आणि सोळा-सतरा मैल जायचंय, म्हणजे उजाडेपर्यंत चाल.

रस्त्यावर तुम्ही एकटे नाही. पाथर्डीकडून, विल्होळीकडून गाड्या येऊन मिळतात. मागून घुंगरांचा आवाज जवळ आला की मुलगा अंग सावरून बसतो, बैलाच्या पाठीला नुसता हात लावतो आणि गाडी पळू लागते. शेजारून दुसरी जोडी येते. मधे वीतभर अंतर, चाकाला चाक लागलं तर दोन्ही गाड्या चारीत. नातवंडं किंचाळतात, सून डोक्यावरचा पदर दातात धरते आणि नाना मुलाच्या पाठीत एक धपाटा घालतात. बैलांना थांबवायला मात्र ते सांगत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडी शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. आजच्या शर्यतीतले लाखांचे बैल, बक्षिसाच्या मोटारसायकली आणि ड्रोनचं चित्रीकरण पाहिलं की वाटतं, अटी हव्यातच. आग्रा रोडवरच्या या धावेला मात्र बक्षीस नाही. सकाळी हीच जोडी मुक्कामाला पोचवणार, परवा हीच मोटेला लागणार. तिला दमवून परवडत नाही, म्हणून फर्लांगभर पळून ती आपोआप चालीवर येते.

नाशिक झोपलंय. व्हिक्टोरिया पुलावरून गाडी गोदावरी ओलांडते, पंचवटी मागे पडते, आडगाव येतं. इथे थंडी खरी लागते. नाना तंबाखू मळत बोलत राहतात. चिन्यांनी लढाई थांबवलीय, पण भरवसा नाही. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, मुंबईत कन्नमवार मुख्यमंत्री झाले, या बातम्या अजून पंधरा दिवसांच्या आतल्या आहेत. फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या वेळी जग बुडणार म्हणून लोकांनी होमहवन केले होते. नाना म्हणतात, “जग नाही बुडालं, पण ग्रह कुठंतरी जायचेच ना. हिमालयावर गेले.”

पहाटे उजेड फुटताना तुम्ही दहाव्या मैलाशी पोचता. मैल जाऊन किलोमीटर आले तरी या जागेचं नाव तुमच्या काळातही तेच राहणार आहे. पलीकडे उघडा माळ, त्यावर मेंढ्यांचा वाडगा. तुमची नजर तिथे अडकते, कारण मिग-२१ विमानं भारतात बांधायचा रशियाशी करार याच ऑगस्टमध्ये झालाय आणि दोन वर्षांत ओझरला त्यांचा कारखाना उभा राहायला लागेल. त्याच ऑगस्टच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळही स्थापन झालंय. चार महिन्यांचं ते महामंडळ आधी सातपूरला येईल, मग अंबडला. नानांची गाडी एका होऊ घातलेल्या कारखान्यातून निघून दुसऱ्या होऊ घातलेल्या कारखान्याशी पोचलीय. सांगून पाहा. नाना मेंढ्यांकडे पाहत म्हणतील, “या माळावर कुसळाशिवाय काही यायचं नाही.”

ओझर. बाणगंगेच्या काठाने गाड्या सुटल्यात, बैल चाकांना बांधलेत, तीन दगडांच्या चुली पेटल्यात. सून वांगी निखाऱ्यात खुपसते. चातुर्मासात ज्यांच्या घरी वांगं वर्ज्य असतं, त्यांचं तोंड आज सुटतं. देवाचा नैवेद्यही भरीत आणि रोडग्याचाच. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारून देव आज मोकळा झाला, त्याला पंचपक्वान्न नको. शेतात जे असेल ते चालतं. ताम्हनात पान, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून पाच जण तळी उचलतात. “येळकोट येळकोट जय मल्हार” म्हणताना तुमचाही हात ताम्हनाला लागतो. कोण, कुठला, कोणी विचारत नाही. कपाळाला भंडारा लागला की तुम्ही इथले.

मग जत्रा. गोडीशेव, रेवड्या, जिलबी यांत फार वेळ घालवू नका, ते तुमच्या काळातही मिळतं. कासाराच्या दुकानापुढे बायकांची रांग आहे, गोंदणारीण एका पोरीचा हात मांडीखाली दाबून टोचतेय. तांबटांची दुकानं मात्र पाहा. जुने लोक गावाला ओझर तांबट म्हणतात, ते उगीच नाही. हंडे, घागरी, बंब उन्हात मांडलेत. गिऱ्हाईक घागर उचलून वजन बघतं, बोटाच्या पेराने टिचकी मारतं आणि कान लावतं. आवाज फुटका आला तर डाग दिलेला आहे. एकही बाई दुकानदाराच्या शब्दावर घागर घेत नाही.

जत्रेत सगळीकडे हेच चाललंय, कोणीतरी काहीतरी पारखतंय. गाड्या सुटल्यात तिथे एक हेडी आणि एक शेतकरी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करताहेत, भोवतीच्या दहा जणांना आकडा कळत नाही. डांगी बैलाच्या अंगावरून हात फिरवून कातडीचा तेलकटपणा बघतात, कारण इगतपुरीच्या पावसात तोच कामी येतो.

आणि हे बंदुकीचं दुकान. मागे फळी, फळीवर खिळ्यांना ओळीने बांधलेले फुगे, अलीकडे आडवा बांबू आणि बांबूवर दोन छऱ्याच्या बंदुका. दुकानदार बंदूक मोडतो, नळीत छरा ठेवतो, खटकन मिटवून पुढे करतो. लढाईचे दिवस असल्याने पोरांनी फुग्यांची बारशी उरकलीत. लाल फुगा माओ, निळा चाऊ. नातू हट्ट धरतो. तुम्ही खिशात हात घालता आणि दहा रुपयांचं नाणं काढता. दुकानदार ते दोन्ही बाजूंनी बघतो, दाताखाली धरतो आणि परत देतो. “हे कोणत्या देवीचं?” इथे नवे पैसे येऊन पाच वर्षं झालीत, तरी भाव आण्यातच सांगतात. नाना कनवटीचा आणा काढतात.

पहिला नेम तुमचा. माशी फुग्यावर बरोबर ठेवता, श्वास धरता, चाप ओढता. छरा फळीत. दुसरा छराही फळीत. पोरं हसतात. तिसऱ्यांदा नाना बंदूक मागून घेतात. ते फुग्याकडे बघतच नाहीत. फळीतल्या लाकडाच्या गाठीवर नेम धरून एक छरा घालवतात आणि तो नेमका कुठे रुतला तेवढं बघतात.

“बंदूक डावीकडं खाते,” ते म्हणतात. “चार बोटं.”

दुकानदाराचा चेहरा पडतो. नळी किंचित वाकडी ठेवणं हा त्याच्या धंद्याचा पाया. मग नाना निळ्या फुग्याच्या उजवीकडे, मोकळ्या फळीवर नेम धरतात आणि चाऊ फुटतो.

हे ते बंदुकीवर शिकलेले नाहीत. बाजरी निसवली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखायची, त्यासाठी अंबाडीच्या दोरीची गोफण. एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत, मधल्या खोळीत दगड. डोक्याभोवती दोन फेरे द्यायचे आणि चिमूट सोडायची. चिमूट जरा उशिरा सुटली तर दगड शेजाऱ्याच्या रानात जातो. वारा कुठून आहे, दगड चपटा की गोल, हे हाताला कळावं लागतं. नेम म्हणजे चूक किती होते ते आधी मोजणं, हे नाना लहानपणीच शिकले. पुढे याच नाशकात भीष्मराज बाम पोलिसखात्यातून निवृत्त होऊन नेमबाजांच्या मनाची मशागत करणार आहेत, मोठमोठे खेळाडू त्यांच्याकडे येणार आहेत. जत्रेतल्या बांबूपासून तिथवरचा रस्ता वाटतो तेवढा लांब नाही.

घरी नानांच्या वडिलांची ठासणीची बंदूकही आहे, रानडुकरांसाठी परवान्याची. परवा ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून नवा शस्त्रकायदा लागू झालाय, इंग्रजांचा १८७८ चा गेला. “साहेब गेला, कागद राहिला,” नाना पुटपुटतात. ससा, तितर यांच्या गोष्टी ते रंगवून सांगतात. तुम्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरचे, तुम्हाला ऐकताना थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या. बिबट्या सिडकोच्या गल्लीत शिरतो आणि त्याच्यामागे मोबाईल घेऊन माणसं धावतात, हे त्यांना सांगितलंत तर अवघडण्याची पाळी त्यांची.

दुपारी कुस्त्या. हलगी घुमते, फडात नारळावरच्या पोरांपासून सुरुवात होते. महाराष्ट्र केसरी सुरू होऊन एकच वर्ष झालंय, त्यामुळे गावोगावच्या पैलवानांच्या डोळ्यांत एक नवीन चमक आहे. एक उंच पोरगा ढाक लावायला जातो आणि स्वतःच खाली येतो. पाठ टेकली की नाही, यावर पंचांपेक्षा प्रेक्षकच जास्त भांडतात. राष्ट्रीय संरक्षण निधीची पेटी फिरते. जिंकलेला मल्ल फेट्यात गोळा झालेली चिल्लर त्यात ओततो आणि लगेच त्याचा वस्ताद त्यातला एक रुपया परत काढून घेतो, खुराकाला. कोणी आक्षेप घेत नाही.

बारागाड्यांची वेळ झाली. एकीला एक बांधलेल्या गाड्या, प्रत्येकीवर माणसं दाटीवाटीने उभी, काही जण दांडीला लोंबकळलेले. खानदेशात आणि या भागात कुठे भगत ओढतो, कुठे देवाचा घोडा. तुमच्यापुढे मात्र इतके फेटे आहेत की सर्वांत पुढे कोण जुंपलंय ते दिसत नाही, भंडाऱ्याने हवाच पिवळी झालीय. नाना तुमचा दंड धरून मागे ओढतात. चाकाखाली सापडणारा माणूस नेहमी हौसेने पुढे गेलेलाच असतो. आखांना सकाळपासून वंगण घातलंय, उतार जरा सोयीचा निवडलाय, तुमच्यातला कारखान्यातला माणूस हे टिपून घेतो. खरी अडचण पहिल्या वीतभराची, चाक एकदा फिरलं की वजन स्वतःच मदत करतं. हिशेब बरोबर आहे. पण शेवटची गाडी हलताना हजारो गळ्यांतून येळकोट उठतो आणि तुम्हीही ओरडता, तेव्हा तो हिशेब तुमच्या हातात नसतो.

रात्री एका बाजूला वाघ्या-मुरळीचं जागरण, दिमडी आणि तुणतुणं, दिवटीचा जाळ. दुसऱ्या बाजूला तमाशाची कनात. तिसरीकडे तंबूतल्या सिनेमाचं इंजिन धडधडतंय. सून जागरणाला बसते. मुलगा अंधारात कनातीकडे सटकतो आणि बापाला ते माहीत आहे. नाना गाडीखाली पडून घोरतात, मधूनच उठून बैलांपुढची वैरण सारखी करतात. मावशी आणि सोंगाड्याच्या बतावणीला उठणारा हशा बैलांपर्यंत ऐकू येतो.

सकाळी परतीला गाडी जुंपताना भांडण लागतं. कालचा उंच पोरगा खरंच चीत झाला होता का, इथून सुरू होतं आणि पुढच्या जत्रेवर येतं. पौष पौर्णिमेला मालेगावजवळ चंदनपुरी, बाणाईचं गाव. मग पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथ. चैत्रात सप्तशृंगीचा गड. त्र्यंबक ठरलेलं आहे, गडाचं बघू. घोडं अडतं ते चंदनपुरीवर.

“लांब पडतं,” नाना म्हणतात. “जोडी थकंल.”

“आता एस.टी. जाते की, नाना,” मुलगा म्हणतो. “सकाळी बसलं की दुपारी भंडारा.”

नाना शिवळ अडकवतात, जू नीट बसलंय का ते हाताने दाबून बघतात, मग मुलाकडे वळतात.

“आणि बैलं एस.टी.त कुठं बांधशील?”