राजा घाटाचा राजा

वाराणसीच्या राजा घाटाला अमृतराव घाट असेही नाव आहे. हा ‘राजा’ म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे. त्यांनी इथे दगडी घाट बांधला, देवळे उभारली, अन्नछत्र चालवले. पण ते राजे नव्हते, आणि पेशवेपदाची वस्त्रेही त्यांना कधी मिळाली नाहीत. कंपनी सरकारच्या लेखी ते कोण होते, हे पाहायचे तर मला काशीहून बुंदेलखंडातल्या कर्वीला जावे लागते.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले. दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि कारभार अमृतरावांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी बाजीरावांना परत गादीवर बसवले. अमृतरावांनी इंग्रजांशी करार केला आणि वर्षाला सात लाखांचा तनखा घेऊन पुणे सोडले. चित्रकूटजवळचे कर्वी हे त्यांच्या घराण्याचे ठाणे झाले.

१८२४ मध्ये ते वारले. मुलगा विनायकराव यांनी कर्वीत गणेशबाग बांधली. १८५३ मध्ये तेही गेले आणि कंपनीने तनखा बंद केला. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने लढाईशिवाय कर्वी ताब्यात घेतली. वारस नारायणराव आणि माधवराव कैद झाले. नारायणरावांना कैदेतच मरण आले. वाड्यातला खजिना सरकारी भाषेत ‘लूट’ ठरला. तिचे वाटे कोणत्या पलटणींना मिळावेत, हा वाद थेट लंडनच्या नौदल न्यायालयात गेला आणि १८६६ मध्ये निकाली निघाला. खजिना मुळात कोणाचा, हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे कर्वी बांदा जिल्ह्यातली एक तहसील म्हणून राहिली. १९९७ मध्ये ती नव्या जिल्ह्याचे मुख्यालय झाली. जिल्ह्याला नाव दिले छत्रपती शाहूजी महाराज नगर. पेशव्यांच्या गावावर कोल्हापूरच्या राजर्षींचे नाव आले! पण १९९८ मध्ये तेही बदलून चित्रकूट झाले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत पेशवाई १८१८ ला संपते. फार तर ब्रह्मावर्तापर्यंत जाते. कर्वीची शाखा त्यात बसत नाही, कारण तिच्या नावावर लढाई नाही, गादी नाही. सरकारदरबारी ती आधी तनखा होती, नंतर लूट. अमृतरावांना राजा म्हटले ते काशीने, आणि तेच नाव आजही चालू आहे.