पडणारी वस्तू आणि माध्यमाचा रोध : इब्न बाज्जा ते स्टोक्स

द्रवातून पडणाऱ्या गोळीचा अंतिम वेग महाविद्यालयात एका सूत्रात शिकवला जातो. त्या सूत्रामागील वाद मात्र दोन हजार वर्षांहून जुना आहे.

ॲरिस्टॉटल, म्हणजे अरबी ग्रंथांतील अरस्तू, याच्या मते माध्यम जितके दाट, तितका वेग त्याच प्रमाणात कमी. पोकळीत रोधच नसल्याने वेग अमर्याद होईल. ते अशक्य, म्हणून पोकळीही अशक्य. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने या मताला आव्हान दिले.

अंदलुसमधील सरकुस्त्याचा तत्त्वज्ञ इब्न बाज्जा (मृत्यू ११३८च्या सुमारास) याने तोच प्रश्न पुन्हा उभा केला. आकाशगोलांना कोणतेही माध्यम अडवीत नाही, तरी त्यांचा वेग मर्यादितच असतो. म्हणजे वस्तूला स्वतःचा वेग असतो आणि माध्यम त्यातून काही वजा करते. ॲरिस्टॉटलच्या भागाकाराच्या जागी येथे वजाबाकी आली.

इब्न रुश्दला (मृत्यू ११९८) हे मत मान्य नव्हते. तरीही आपल्या भाष्यात त्याने ते नोंदवले आणि मग खोडून काढले. त्या भाष्याच्या लॅटिन भाषांतरातूनच ते युरोपला कळले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने पोकळीतील गतीलाही काळ लागेल हे मान्य केले. १५९०च्या सुमारास पिसा येथे गॅलिलिओने वस्तू आणि तेवढ्याच आकारमानाचे माध्यम यांच्या वजनांतील फरकावर वेग ठरवला.

१८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज स्टोक्सच्या निबंधाने मंद गतीच्या लहान गोलापुरता हिशेब पूर्ण केला. अंतिम वेग गोल व द्रव यांच्या घनतांतील फरकाच्या आणि त्रिज्येच्या वर्गाच्या सम प्रमाणात, तर श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. या सूत्रात वजाबाकी आहे आणि भागाकारही.

म्हणून इब्न बाज्जाने स्टोक्सचा नियम आधीच शोधला होता, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्याने वजा केला तो माध्यमाचा रोध. सूत्रातील वजाबाकी उत्प्लावनाची आहे. शिवाय प्राचीनांच्या ‘दाटपणा’त घनता व श्यानता वेगळ्या झाल्या नव्हत्या. एरंडेल तेल पाण्यापेक्षा हलके, पण त्याची श्यानता पाण्याच्या शेकडो पट असते.

इब्न बाज्जाचे खरे श्रेय प्रस्थापित उत्तरावर योग्य शंका घेण्याचे आहे. इब्न रुश्दचे श्रेयही लहान नाही : न पटलेले मत त्याने पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवले. वर्गात हे दोन्ही सांगितले, तर अभिमानासाठी अतिशयोक्तीची गरज उरत नाही.