कर्ज एकाचे, सही घराची

घर बांधावयाचे आहे, पगार एकट्याचा आहे, आणि बँक म्हणते, वडिलांना जामीन आणा किंवा भावाला सहकर्जदार करा. प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावातही आता हा प्रसंग नवा राहिलेला नाही. वडील मुकाट्याने सही करतात. त्या सहीचे वजन समजून घ्यावयाचे, तर आपल्या नगर जिल्ह्यातील गहाणाचा इतिहास थोडा चाळला पाहिजे.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी सावकाराला घरच्यांच्या सहीची फारशी गरजच नव्हती. बापाचे ऋण मुलाने फेडणे हा धर्म मानला जाई, आणि आपल्या इलाख्यातील कोर्टेही तसेच धरून चालत. बापामागे मुलाला बिघाभर जमीन मिळो न मिळो, ऋण मानेवर बसेच. १८६६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरती उरली.

कागदावर ही मोठीच सुटका. पण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीनच वर्षांचे आयुष्य दिले होते. जुनी येणी उकरून काढता येऊ नयेत हा हेतू; झाले भलतेच! तीन वर्षे भरत आली, की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. समजा, शंभर रुपये शेकडा २४ दराने घेतले. तीन वर्षांनी रोखा झाला १७२ चा, सहा वर्षांनी जवळजवळ २९६ चा, आणि नऊ वर्षांनी पाचशेच्या वर. (शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर जरूर घालावे; दंगा का झाला हे मुलांना लगेच कळेल.) व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा आपला जुना दंडक, पण व्याजच मुद्दल बनले तर तो काय करणार? आणि नव्या रोख्यावर मुलाचा अंगठा पडला, की तो स्वतःच ऋणको. मग १८६६ चा कायदा त्याच्या कामाचा नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला लोक उठले. लोण आपल्या पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत तालुक्यांत आले. लोकांचा रोख होता तो सावकाराच्या दप्तरावर. रोखे जाळले गेले. १८७९ च्या कायद्याने हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि मुद्दाम गहाण न टाकलेली शेतकऱ्याची जमीन विकता येईना. सावकारही हुशार! तो आता गहाणखतच मागू लागला.

कोल्हारच्या शेजारी लोणीला विठ्ठलराव विख्यांनी १९२३ साली सहकारी पतपेढी काढली. खेड्यातल्या अशा पेढ्यांचा पाया त्या काळी अमर्याद जबाबदारीचा असे. म्हणजे एकाने थकवले तर बाकीच्या सभासदांनी भरावयाचे. घराची जामिनकी अशी गावावर आली. १९२६ ला भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, पाटाचे पाणी आले, उसाला भांडवल लागू लागले. लांब मुदतीच्या कर्जाकरिता १९३५ साली मुंबई इलाख्याची भूतारण बँक निघाली. पुढे तिलाच लोक भूविकास बँक म्हणू लागले. तीही अखेर बुडाली. २०२२ साली सरकारने तिची थकलेली कर्जे माफ केली; तोवर कित्येकांच्या सातबाऱ्यावर बापाच्या हयातीतला बोजा तसाच होता.

आता पुन्हा त्या सहीकडे येऊ. १८७२ चा करार कायदा अजून चालू आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदार ऋणकोइतकाच बांधलेला असतो. आधी मुलाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे वडिलांना सहसा म्हणता येत नाही. सहकर्जदार झालेला भाऊ तर स्वतःच ऋणको. जामिनकी घ्यावयाचीच, तर किती रकमेची आणि कोणत्या मिळकतीवर, हे सहीआधी वाचून घ्या. बापाचे ऋण केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाच्या मानेवर बसे, ती जुनी वाट ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती बंद झाली आहे. त्याच दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हिस्सा दिला. त्यामुळे घरासाठी अशी जमीन तारण द्यावयाची झाली, तर सासरी गेलेल्या बहिणीचीही संमती लागते.