‘आम्ही लोक’ कीं ‘आम्ही संस्थानें’?

१७८८ सालच्या जून महिन्यांत व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड येथें एक सभा भरली. अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेला व्हर्जिनियानें मान्यता द्यावी कीं नाहीं, एवढाच प्रश्न तिच्यापुढें होता. पण इंग्लंडशीं तह होऊन पुरतीं पांच वर्षें लोटलीं नव्हतीं. तोंच दुसरी एक दूरची सत्ता आपल्याच हातांनीं उभी करावयाची काय, ही शंका पुष्कळांच्या मनांत घोळत होती.

विरोधकांचा पुढारी पॅट्रिक हेन्री. स्वातंत्र्याच्या चळवळींत याच्याच वाणीनें व्हर्जिनिया पेटून उठला होता. त्यानें घटनेच्या पहिल्याच शब्दांवर बोट ठेविलें. ‘आम्ही लोक’ असें लिहिण्याचा अधिकार घटनाकारांना कोणी दिला? ‘आम्ही संस्थानें’ असें कां नाहीं? हा शब्दच्छल नव्हता. संस्थानांनीं करार केला तर तो मित्रांचा संघ ठरतो. लोकांनीं केला तर एकच एक राज्य निर्माण होतें. कर बसविणारें आणि सैन्य बाळगणारें असें सरकार एकदां स्थापन झालें कीं त्याला आवर कोण घालणार? नागरिकांच्या हक्कांची सनद तर घटनेंत मुळींच नव्हती. मात्र स्वातंत्र्याचा हा कैवारी स्वतः गुलामांचा धनी होता, आणि मध्यवर्ती सरकार उद्यां गुलामांना मुक्त करील, ही भीतिही त्यानें सभेला घातली.

त्याला उत्तर देणारा जेम्स मॅडिसन अंगानें लहानखोरा, आणि आवाज इतका हलका कीं टिपणें घेणाराला त्याचे शब्द वारंवार ऐकूं येत नसत. मध्यंतरीं तो आजारीही पडला. पण त्याच्यापाशीं अनुभवाचा पुरावा होता. १७८१ पासून चालत आलेल्या जुन्या संघाला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. त्यानें संस्थानांकडे पैसे मागावे आणि संस्थानांनीं मनास येईल तेवढे द्यावे. युद्धाचें कर्ज तसेंच थकलेलें. नव्या सरकारचे अधिकार मोजके व नेमलेले आहेत, बाकीचे संस्थानांकडेच राहतील, असें तो पुनःपुन्हां सांगत राहिला.

२५ जून रोजीं मतें मोजलीं. अनुकूल ८९, प्रतिकूल ७९. पांचच मतें फिरतीं तर बरोबरी होती! न्यू हॅम्पशायरनें २१ जून रोजींच नववी संमति देऊन घटना अमलांत येण्याजोगी केली होती; परंतु ही वार्ता रिचमंडला अद्याप पोंचली नव्हती.

हेन्रीनें पराभव शांतपणें मान्य केला, तरी विधिमंडळांतील आपलें वजन खर्चून मॅडिसनला सिनेटमध्यें जाऊं दिलें नाहीं. मॅडिसन लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत निवडून गेला, आणि हेन्री जिच्यासाठीं भांडला ती हक्कांची सनद १७८९ मध्यें त्यानेंच मांडली. १७९१ च्या अखेरीस तिचीं दहा कलमें मंजूर झालीं. न दिलेले अधिकार संस्थानांकडे अथवा लोकांकडे राहतात, असें दहावें कलम सांगतें.

पुढें १७९८ मध्यें सरकारवरील टीकेला शिक्षा ठरविणारा कायदा मध्यवर्ती सरकारनें केला, तेव्हां व्हर्जिनियाच्या निषेधाचा मसुदा मॅडिसननें लिहिला. आणि हेन्री? वॉशिंग्टनच्या आग्रहावरून तो म्हातारपणीं पुन्हां निवडणुकीस उभा राहिला. मध्यवर्ती कायद्यांचा न्याय करण्याचा हक्क एकट्या संस्थानाला नाहीं, असें त्यानें मतदारांना बजाविलें. तो निवडून आला. परंतु विधिमंडळांत जाऊन बसण्यापूर्वींच, १७९९ च्या जूनमध्यें, त्याचें देहावसान झालें.